वेल्डिंग मशीनला खटका केवढा?

नांगराचा फाळ मोडला, ट्रॉलीचा हूक तुटला, गोठ्याच्या फाटकाची बिजागरी निघाली, की पूर्वी तालुक्याची वाट धरावी लागे. दिवस मोडत असे. आता तसे राहिले नाही. एका हातात उचलता येईल एवढे वेल्डिंगचे मशीन बाजारात मिळते. वाडीवस्तीवर एखाद्या घरी तरी ते दिसते. घरचा मुलगा दोन-चार रॉड वाया घालवतो, हात बसवतो आणि मग घरची किरकोळ कामे घरीच होऊ लागतात. ही चांगली गोष्ट आहे.

पण मशीन घरी आले की बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी एक अडचण येते. रॉड लोखंडाला टेकवला, ठिणगी उडाली, आणि खट्! बोर्डावरचा एमसीबी खाली पडला. पंखा बंद, दिवा बंद, मशीनही बंद.

एमसीबी म्हणजे आपोआप पडणारा खटका. या पाठात आपण त्याला नुसते खटका म्हणू. पूर्वी त्याच्या जागी चिनी मातीचा फ्यूज असे. कित्येक घरांत अजून आहे. फ्यूजमध्ये बारीक तार असते. वीज जास्त वाहिली की ती तार जळते आणि रस्ता बंद होतो. खटक्यात काही जळत नाही. तो पडतो, आणि पुन्हा वर करता येतो. काम मात्र दोघांचे एकच.

खटका पडू लागला की माणूस काय करतो? दुकानात जातो आणि मोठा खटका मागतो. १६ चा पडतो म्हणून ३२ चा आणतो. ३२ चा पडला तर ६३ चा आणतो. ६३ चा बसवला की पडणे थांबते. माणसाला वाटते, काम झाले.

काम झालेले नसते. ते कसे, हे आता पाहू.

समजा, तात्या नावाचे एक शेतकरी आहेत. मीटर घराच्या ओटीवर. तिथून तार निघते, वळचणीखालून गोठ्यात जाते. गोठ्यात दोन म्हशी, एक गाय. वर माळ्यावर कडबा रचलेला. गोठ्याच्या बाजूच्या पडवीत तात्यांनी मशीन ठेवले आहे. १६ चा खटका सारखा पडतो म्हणून त्यांनी वायरमनला बोलावले.

"हा घे ६३ चा. एवढा बसवून दे, म्हणजे कटकट मिटली," तात्या म्हणाले.

"तात्या, आधी तार बघू द्या."

"तारेचं काय बघतोस? तार चांगली हाय. पडतोय तो खटका."

वायरमनने शिडी लावली. तार हातात धरून तिच्यावरचा आकडा वाचला. खाली उतरून तो म्हणाला, "तात्या, तार अडीचची आहे. ६३ चा खटका मी बसवणार नाही."

"का रं? खटका माझा, पैसे माझे."

"खटका तुमचा, तारही तुमची. पण तात्या, कडबाही तुमचाच आहे ना?"

तात्या गप्प झाले. मग म्हणाले, "नीट सांग बाबा. मला काय कळत नाही त्यातलं."

वायरमनने जे सांगितले, ते आपणही समजून घेऊ.

खटका मशीनला राखण्यासाठी नसतो. तो तारेला राखण्यासाठी असतो. भिंतीतून, वाशावरून, पत्र्याखालून जी तार गेली आहे ती तापू नये म्हणून तो बसवलेला असतो. तारेतून वीज वाहते तेव्हा तार थोडी तापतेच. विजेचा प्रवाह अँपियरमध्ये मोजतात, जसे दूध लिटरमध्ये मोजतात. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. प्रवाह तिप्पट झाला तर उष्णता नऊपट होते. हे नीट ध्यानात घ्या. म्हणून थोडा जास्त प्रवाह म्हणजे थोडीच जास्त उष्णता, असा हिशेब इथे चालत नाही.

अडीचची तार सुमारे २० अँपियर निभावून नेते. तिच्यावर ६३ चा खटका बसवला. आता खटका कसा बनवलेला असतो ते पाहा. आपल्या आकड्यापेक्षा थोडा जास्त प्रवाह गेला तर तो लगेच पडत नाही. तसा तो पडूच नये, असा नियम आहे. ६३ च्या खटक्यातून ७० अँपियर गेले तरी तो तासभर उभा राहील. ९१ अँपियर झाले म्हणजे मात्र तासाभरात त्याने पडलेच पाहिजे. म्हणजे २० अँपियरच्या तारेतून ७० अँपियर तासभर वाहतील आणि खटका हूं की चूं करणार नाही. साडेतीनपट प्रवाह म्हणजे बारापट उष्णता. तारेवरचे प्लास्टिक आधी मऊ होते, मग वितळते. शेजारी कडबा असला तर पुढचे सांगायला नको.

कोणी म्हणेल, "मशीन तर ३० अँपियरच घेते. ७० कुठून येणार?" मशीन बिघडले तर येतात. त्याच तारेवर उद्या कडबाकुट्टी लावली, पाण्याची मोटार लावली, तरी येतात. आणि यापेक्षाही वाईट गोष्ट एक आहे. तारेच्या पार टोकाला उंदराने प्लास्टिक कुरतडले आणि आतल्या दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या, असे समजा. याला शॉर्ट सर्किट म्हणतात. अशा वेळी खटका क्षणात पडला पाहिजे. पण क्षणात पडायला त्याला मोठा धक्का लागतो. बाजारात सी जातीचा खटका सर्रास मिळतो. त्याला आकड्याच्या पाच ते दहापट प्रवाह लागतो. १६ च्या खटक्याला १६० अँपियर मिळाले म्हणजे तो नक्की पडतो. ६३ च्या खटक्याला नक्की पडायला ६३० अँपियर लागतात.

आता अडीचची तार ४० मीटर लांब असेल, तर तिच्या टोकाला शॉर्ट सर्किट झाले तरी ३८० अँपियरच्या वर प्रवाह जाऊच शकत नाही. तार बारीक आणि लांब आहे, ती स्वतःच प्रवाहाला अडवते. खांबापासून आलेली लाइनही अडवते, म्हणून खरा प्रवाह याहून कमीच. मग १६ चा खटका ताबडतोब पडेल. ६३ चा मात्र रेंगाळेल. तारा चिकटलेल्या, ठिणग्या उडत आहेत, आणि खटका अजून उभा! गोठा पेटायला एवढा वेळ पुष्कळ झाला.

हे ऐकून तात्यांनी ६३ चा खटका खिशात घातला. "मंग आता मशीन चालवायचंच नाही म्हणतोस?"

"चालवायचं तर. पण आधी मशीन किती मागतं ते बघू. मग त्याला पुरेल अशी तार. आणि तारेला शोभेल असा खटका. उलटं करायचं नाही."

मशीन किती मागते, इथे पुष्कळ लोकांची गल्लत होते. मशीनवर मोठ्या अक्षरांत २०० लिहिलेले असते. माणसाला वाटते, हे २०० अँपियर ओढणार, मग खटका २०० चा हवा की काय? तसे नाही. ते २०० अँपियर रॉडच्या बाजूचे. मीटरच्या बाजूचे अँपियर वेगळे आणि बरेच कमी.

शंभराची एक नोट मोडली की दहाच्या दहा नोटा येतात. नोटा दहापट झाल्या, पैसे तेवढेच राहिले. वेल्डिंगचे मशीन असेच वीज मोडून देते. घरची वीज २३० व्होल्टची. रॉड पेटलेला असताना त्याला २५ व्होल्टच्या आसपास पुरतात, पण अँपियर भरपूर लागतात. म्हणून मशीन व्होल्ट कमी करते आणि अँपियर वाढवते. नोट मोडताना कोणी कट घेतो, तसे मशीनही थोडी वीज उष्णतेत घालवते. मशीनच्या मागून गरम हवा येते, ती हीच.

साधारण हिशेब असा बसतो. हा हिशेब २३० व्होल्टवर चालणाऱ्या, हातात उचलायच्या इन्व्हर्टर मशीनचा आहे. १२ नंबरचा रॉड, म्हणजे अडीच मिलिमीटरचा, ८० अँपियरवर चालवला तर मीटरकडून सुमारे १४ अँपियर ओढले जातात. १० नंबरचा रॉड ११० अँपियरवर चालवला तर सुमारे २० अँपियर. ८ नंबरचा जाड रॉड १६० अँपियरवर चालवला तर सुमारे ३१ अँपियर. मशीनच्या बनावटीप्रमाणे यात थोडा फरक पडतो.

यातून एक सोपी वाट निघते. घरात अडीचची तार आणि १६ चा खटका असेल, काम बारीक असेल, तर काहीच बदलू नका. मशीनचे बटण ८० वर ठेवा आणि १२ नंबरचा रॉड वापरा. खिडकीचे गज, पत्र्याची चौकट, चौकोनी पाइपाचे फाटक एवढ्यावर होते. पुष्कळ जण विनाकारण बटण शेवटपर्यंत फिरवतात. त्याने पातळ लोखंडाला भोक पडते आणि खटकाही पडतो.

जाड काम करायचे असेल तर मात्र मशीनची पाटी वाचली पाहिजे. मशीनच्या मागे किंवा बुडाला एक पाटी चिकटवलेली असते. अक्षरे इंग्रजी असतात आणि बारीक असतात. घाबरू नका. आपल्याला तिथले दोन-तीनच आकडे हवे आहेत. उभ्या काठीसारखे इंग्रजी अक्षर आय. त्याच्या पायाशी १ चा आकडा आणि पुढे मॅक्स हा शब्द. त्याच्यापुढचा आकडा म्हणजे मशीन मीटरकडून जास्तीत जास्त किती अँपियर ओढते तो. तसेच दुसरे आय, पायाशी १ आणि पुढे इफ ही अक्षरे. हा आकडा पहिल्यापेक्षा लहान असतो. काम आणि विश्रांती मिळून तार किती तापेल, ते त्यावरून कळते. स्वतःला वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाला बोलवा. तो वाचील, तुम्ही लिहून घ्या.

विश्रांती कसली? तर वेल्डिंगचे मशीन बैलासारखे आहे. त्याला मध्ये उभे करावे लागते. पाटीवर फुलीसारख्या अक्षरापुढे टक्के लिहिलेले असतात. ४० टक्के म्हणजे १० मिनिटांत ४ मिनिटे रॉड चालवायचा आणि ६ मिनिटे मशीन थंड होऊ द्यायचे. घरच्या कामात रॉड बदलणे, पापुद्रा झाडणे, माप घेणे यात तेवढी विश्रांती सहज मिळते.

तात्यांच्या मशीनची पाटी वायरमनने वाचली. जास्तीत जास्त ३० अँपियर, ४० टक्के. इफचा आकडा १९.

आता खटका निवडायचा. दोन गोष्टी पाहायच्या. खटक्याचा आकडा इफच्या आकड्यापेक्षा कमी नसावा. आणि जास्तीत जास्त प्रवाह खटक्याच्या सव्वापटीच्या वर जाऊ नये. सव्वापटीपर्यंत खटका बराच वेळ दम धरतो, तेवढ्यात आपला रॉड संपतो. हा कामापुरता आडाखा आहे, पण चांगला चालतो. तात्यांचा हिशेब करू. २० चा खटका घेतला तर त्याची सव्वापट २५. मशीनला ३० हवेत, म्हणजे तो पडणार. २५ चा घेतला तर त्याची सव्वापट ३१. जमले. तात्यांना २५ चा खटका हवा. पाटीवर टक्के आणि इफ लिहिलेलेच नसतील, तर जास्तीत जास्तचा आकडा धरा आणि त्याच्या वरचा खटका घ्या. तार तशी जाड लागेल, पण धोका राहणार नाही.

आणि आता तार. तांब्याची चांगली तार नळीतून नेली असेल, तर ही जोडी पाठ करून ठेवा:

दीडची तार, १० चा खटका.
अडीचची तार, १६ चा खटका.
चारची तार, २० किंवा २५ चा खटका.
सहाची तार, ३२ चा खटका.
दहाची तार, ४० चा खटका.

दीड, अडीच, चार हे तारेच्या आतल्या तांब्याच्या जाडीचे आकडे आहेत. चौरस मिलिमीटरमध्ये मोजतात. तारेच्या प्लास्टिकवर ते छापलेले असतात. वर हात लावून जाडी ठरवू नका. स्वस्त तारेवर प्लास्टिक जाड आणि आत तांबे बारीक असते. आयएसआयची खूण पाहून तार घ्या. ॲल्युमिनियमची तार असेल तर ही जोडी चालत नाही. तिला याहून जाडी जास्त लागते, आणि तिचा सांधा तांब्याला नीट धरत नाही, सैल होतो आणि तापतो. पत्र्याखाली उन्हाळ्यात फार तापत असेल तिथेही एक पायरी जाड तार घेतलेली बरी.

जोडीत खटका याहून लहान चालेल. मोठा चालणार नाही.

तात्यांच्या गोठ्यापर्यंत अडीचची तार होती. तिच्या जागी चारची तार टाकायची, फक्त मशीनसाठी वेगळी, आणि तिला २५ चा खटका. गोठ्यातल्या दिव्याची तार वेगळी राहील, तिचा खटका वेगळा. "म्हणजे मशीन पडलं तरी गोठ्यात उजेड राहील," वायरमन म्हणाला. तात्यांना हे पटले. रात्री म्हैस व्यायला आली असताना अंधार झाला, तर काय होते हे त्यांना ठाऊक होते.

खटका घेताना आकड्याआधी एक अक्षर असते. बी, सी किंवा डी. ही खटक्याची जात. बी फार हळवा. आकड्याच्या तीन ते पाचपट धक्का बसला की पडतो. सी त्याहून धीराचा, पाच ते दहापटीला पडतो. डी सर्वांत निबर, दहा ते वीसपटीला पडतो. आजच्या हातात उचलायच्या इन्व्हर्टर मशीनला सी पुरतो. जुने, चाकांवरचे, तांब्याच्या वेटोळ्यांचे जड मशीन सुरू करताना क्षणभर मोठा झटका देते. त्याला कधी कधी डी लागतो. पण डी घेतला की वर सांगितलेली शॉर्ट सर्किटची गोष्ट आठवा. २० चा डी खटका नक्की पडायला ४०० अँपियर लागतात. लांब, बारीक तारेवर तेवढे येणार नाहीत. म्हणून डी बसवायचा तर तार आखूड आणि जाड पाहिजे. हे मोजून सांगणे वायरमनचे काम. जुनी जड मशीने पुष्कळदा दोन फेजवर, ४१५ व्होल्टवर चालतात. त्यांना तीन फेजचे कनेक्शन लागते. घरच्या २३० व्होल्टच्या लाइनीचा हा हिशेब त्यांना लावू नका. आणि खटका डबल पोलचा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा घ्या.

हल्ली मुले मोबाइलवर अमेरिकेतली चित्रे पाहतात. तिथला गडी तारेच्या मानाने मोठा ब्रेकर बसवून वेल्डिंग करताना दिसतो. तो खोटे दाखवत नाही. तिथल्या नियमात, फक्त वेल्डिंगसाठी काढलेल्या लाइनीला तारेच्या क्षमतेच्या दुपटीपर्यंत ब्रेकर चालतो. पण त्या लाइनीवर दुसरे काही लावायचे नसते. आपल्याकडे मशीनचा प्लग काढला की त्याच जागी कडबाकुट्टी लागते. तेव्हा ते चित्र पाहावे आणि सोडून द्यावे.

अंतराचेही पाहिले पाहिजे. तार जितकी लांब, तितके व्होल्ट वाटेत खर्च होतात. पाट लांब असला की शेवटच्या वाफ्याला पाणी कमी पोचते, तसेच. चारच्या तारेतून ३० अँपियर ६० मीटरवर न्यायचे म्हटले तर १६ ते १७ व्होल्ट वाटेतच जातात. सहाची तार टाकली तर ११ जातात. संध्याकाळी गावात सगळीकडे दिवे-मोटारी लागल्या की खांबावरच २३० चे १९० होतात. इन्व्हर्टर मशीन मग काय करते? रॉडला द्यायचे ते देते, आणि व्होल्ट कमी पडले म्हणून अँपियर जास्त ओढते. सकाळी ३० ओढणारे मशीन १९० व्होल्टवर ३६ ओढते. सकाळी टिकलेला खटका संध्याकाळी पडतो, त्याचे कारण हे. अशा वेळी खटक्याला शिव्या देऊ नयेत. बटण थोडे खाली घ्यावे किंवा काम सकाळवर ठेवावे.

खटका कधी पडतो, यावरून पुष्कळ कळते. चार-पाच मिनिटे काम झाल्यावर पडला, तर प्रवाह थोडा जास्त होतो आहे. खटका आतून तापला आहे. त्याला निवू द्या, बटण खाली घ्या. रॉड चिकटल्याबरोबर पडला, तर रॉड लगेच हलवून सोडवायला शिका. मशीन सुरू करताक्षणीच पडला, तर मशीनचा प्लग काढा आणि खटका एकदा वर करा. तरीही पडला, तर तारेत दोष आहे. पुन्हा पुन्हा वर करू नका, वायरमनला बोलवा. प्लग काढल्यावर टिकला, तर दोष मशीनकडे आहे. मशीन सुरू करताना कधी पडतो, कधी पडत नाही, असे असेल तर खटका बी जातीचा आहे का ते पाहा. तेवढाच दोष असेल तर त्याच आकड्याचा सी जातीचा बसवून काम भागेल. काही जण खटक्याला दोरीने वर बांधून ठेवतात. त्याचा उपयोग नाही. दांडी वर राहते, पण खटका आतल्या आत पडतो. तो तसाच बनवला आहे.

प्लगही विसरू नका. घरातला मोठा तीन पिनांचा प्लग १६ अँपियरचा असतो. त्यातून रोज ३० अँपियर ओढले तर पिना काळ्या पडतात. २५ किंवा ३२ च्या लाइनीला ३२ अँपियरचा औद्योगिक प्लग बसवावा. मीटरपाशी मुख्य खटका केवढा आहे, तेही पाहावे लागते. तो २० चा असेल तर आत २५ चा बसवून काय उपयोग?

खटक्याबद्दल एक खोटा भरवसा लोकांच्या मनात असतो. शॉक बसला तर खटका पडेल आणि आपण वाचू, असे त्यांना वाटते. नाही वाचणार. माणसाचा जीव घ्यायला एका अँपियरचा अगदी लहानसा अंश पुरतो. १६ च्या खटक्याला त्याची दखलही नसते. त्यासाठी वेगळे यंत्र असते. त्याला आरसीसीबी म्हणतात. त्यावर ३० मिलिअँपियर लिहिलेले असावे. ते आणि जमिनीत नीट पुरलेले अर्थिंग, दोन्ही पाहिजेत. मशीनच्या केबलला चिमटा असतो, त्याला लोक अर्थ म्हणतात. ते अर्थिंग नव्हे. तो रॉडची वीज परत नेणारा रस्ता आहे. अर्थिंगची तार प्लगाच्या तिसऱ्या, जाड पिनेला असते. ती कापून टाकणारा माणूस आपल्याच मुलाबाळांच्या जिवाशी खेळतो. ओल्या जमिनीवर, अनवाणी, हातमोज्यावाचून वेल्डिंग करू नये, हे वेगळे सांगायला नको.

आता कागदाचे थोडे. विजेच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो. मशीन आणायच्या आधी तो वाचा. कमी असेल तर महावितरणकडे अर्ज करून वाढवून घ्या. घरच्या किंवा शेतीपंपाच्या कनेक्शनवर धंद्याचे वेल्डिंग चालवू नका. विद्युत कायदा २००३, कलम १२६ प्रमाणे मंजुरीवाचूनच्या अशा वापराची आकारणी दुप्पट दराने होते. आणि तार टाकणे, खटका बदलणे हे काम परवाना असलेल्या तारतंत्र्याकडूनच करून घ्या. हिशेब तुम्ही करावा, पाना त्याच्या हातात असावा.

तात्यांच्या गोठ्यात चारची तार पडली. २५ चा सी खटका बसला. वायरमनने तीन रॉड सलग चालवून पाहिले. मग खटका बंद करून त्याने तारेवर आणि प्लगावर हात ठेवला. कोमट होते, गरम नव्हते. "आठ दिवसांनी मी पुन्हा येऊन सगळे स्क्रू आवळून जातो, तात्या. नवी तार बसते, स्क्रू सैल होतात."

"ये. अन् हा ६३ चा दुकानात परत घेतील का रं?"

"पावती असली तर घेतील."

आता ही दोन गणिते तुम्ही सोडवा.

१. एका मशीनच्या पाटीवर जास्तीत जास्त २४ अँपियर लिहिले आहे. टक्के ६०. इफचा आकडा १९. अंतर २० मीटर. खटका केवढा आणि तार कितीची?

२. एका घरात अडीचची तार आणि १६ चा खटका आहे. मशीन तात्यांच्यासारखेच आहे. घराच्या दाराची कडी तुटली आहे. तार न बदलता काम करायचे आहे. रॉड कोणत्या नंबरचा घ्याल? बटण कितीवर ठेवाल?

उत्तरे: पहिल्या गणितात २० चा सी खटका आणि चारची तार. २० ची सव्वापट २५, म्हणून २४ त्यात बसतात. दुसऱ्यात १२ नंबरचा रॉड, बटण ८० वर.